गिटार अ‍ॅम्प्लिफायरची घरगुती घडण : दुरुस्तीच्या बाकावर घडलेला तंत्रज्ञानाचा इतिहास (१९३८ ते १९६६)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोध, संशोधक आणि पेटंट या तीन खुणांच्या आधारे केले जाते. प्रयोगशाळेत शोध लागतो, त्याचे पेटंट घेतले जाते, कारखान्यात उत्पादन सुरू होते आणि शेवटी ग्राहक ती वस्तू वापरू लागतो, असा सरळ क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. या क्रमात दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला स्थान नसते. वस्तू बिघडल्यानंतरच त्याचे काम सुरू होते, म्हणजेच इतिहास घडून गेल्यानंतर तो रंगमंचावर येतो, अशी एक अव्यक्त समजूत त्यामागे असते.

इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास या समजुतीला छेद देतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा नाद ज्या उपकरणाने घडवला, ते उपकरण प्रयोगशाळेत जन्मले नाही. ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, वाद्यविक्रीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणि फावल्या वेळात काम करणाऱ्या उमेदवारांच्या हाताखाली तयार झाले. प्रस्तुत लेखात या घडणीची दोन स्थळे तपासली आहेत. पहिले स्थळ कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान, आणि दुसरे पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथील जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान. दुसऱ्या ठिकाणी १९६२ साली तयार झालेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर ही पहिल्या ठिकाणच्या एका अ‍ॅम्प्लिफायरची जवळजवळ तंतोतंत नक्कल होती. तरीही तिचा नाद वेगळा निघाला आणि ती स्वतंत्र परंपरेची सुरुवात ठरली. नक्कल करता करता नवनिर्मिती कशी होते, आणि अशा निर्मितीचे श्रेय इतिहासात कोणाच्या नावावर जमा होते, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. निर्वात नलिकेला अमेरिकेत 'ट्यूब' आणि ब्रिटनमध्ये 'व्हॉल्व्ह' म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिश शब्द रूढ झाला आणि 'व्हॉल्व्हचा रेडिओ' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. म्हणून येथे 'व्हॉल्व्ह' हाच शब्द वापरला आहे.

सार्वजनिक झालेले ज्ञान

व्हॉल्व्हच्या शोधाची कथा सुपरिचित आहे. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसऱ्या अग्राची, म्हणजे ग्रिडची भर घातली. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर ग्रिडवरील अत्यल्प विद्युत्दाबाने नियंत्रण ठेवता येते. क्षीण संकेताची मोठी प्रतिकृती मिळवण्याचे, म्हणजेच वर्धनाचे तत्त्व ते हेच. १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारी दूरध्वनी सेवा सुरू झाली, ती या वर्धनामुळेच. पुढे १९२६ मध्ये फिलिप्स कंपनीतील बर्नार्ड टेलेगेन यांनी पाच अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला आणि १९३६ मध्ये आरसीए कंपनीचा ६एल६ हा शक्तिशाली व्हॉल्व्ह बाजारात आला.

इथपर्यंतचा इतिहास प्रयोगशाळांचा आणि बड्या कंपन्यांचा आहे. मात्र त्याचबरोबर आणखी एक घडामोड होत होती. रेडिओ संचांचा प्रसार वाढला तसे व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपन्यांना दुरुस्तीकारांची गरज भासू लागली. त्यांच्यासाठी कंपन्यांनी स्वस्त माहितीपुस्तिका काढल्या. आरसीएच्या अशा पुस्तिकेत प्रत्येक व्हॉल्व्हची वैशिष्ट्ये दिलेली असत आणि शेवटी तयार सर्किटेही छापलेली असत. कोणत्या किमतीचा रेझिस्टन्स कोठे जोडावा, कोणता कंडेन्सर लावावा, हे सर्व त्यात मिळे. ब्रिटनमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकाने हेच कार्य केले. डी. टी. एन. विल्यमसन यांच्या प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायरचे सर्किट १९४७ मध्ये या मासिकात प्रसिद्ध झाले आणि ते पाहून अनेकांनी घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर उभारले. त्याच वर्षी अमेरिकेत हीथ कंपनीने युद्धोत्तर शिल्लक साहित्याचा उपयोग करून ऑसिलोस्कोपचा सुटा संच विक्रीस आणला. खरेदीदाराने तो स्वतः जोडून घ्यावयाचा होता.

यावरून एक बाब स्पष्ट होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्धनाचे ज्ञान गुप्त राहिलेले नव्हते. पेटंटांची बंधने होती, पण सर्किटे छापील स्वरूपात कोणालाही उपलब्ध होती. ज्याच्या हाती सोल्डरिंगची लोखंडी कांडी होती आणि ज्याला सर्किट वाचता येत होते, त्याला अ‍ॅम्प्लिफायर तयार करणे शक्य होते. गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा जन्म या सार्वजनिक ज्ञानातून झाला.

फुलर्टन : दुरुस्तीच्या अनुभवातून रचना

पोलादी तारांच्या कंपनाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या पिकअपची गिटार रिकनबॅकर कंपनीने १९३२ मध्ये विक्रीस आणली. जॉर्ज बोशाँ यांना तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. या गिटारला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडल्याखेरीज तिचे वादन श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर हा या वाद्याचा पूरक भाग नसून वाद्याचाच अर्धा देह आहे.

लिओ फेंडर (१९०९–१९९१) हे शिक्षणाने अभियंता नव्हते. हिशेबनिसाची नोकरी मंदीच्या काळात गेल्यावर १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन येथे 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' हे दुकान सुरू केले. रेडिओ, ग्रामोफोन आणि सभेसाठी लागणारी ध्वनिक्षेपक यंत्रणा यांची दुरुस्ती तेथे होत असे. स्थानिक वादक आपापले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तेथे येत. १९४५ मध्ये त्यांनी डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत 'के अँड एफ' या नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर तयार केले. कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडले आणि फेंडर यांनी स्वतंत्रपणे उत्पादन सुरू केले. उल्लेखनीय बाब म्हणजे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांच्या तक्रारी ऐकून घेणे आणि सुधारलेला नमुना पुन्हा त्यांच्याच हाती चाचणीसाठी देणे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

फेंडर यांच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्प्लिफायरांची सर्किटे व्हॉल्व्ह-उत्पादकांच्या पुस्तिकांतील सर्किटांशी निकटचे साम्य दाखवतात. त्यांच्या पेटीतील तक्त्यावर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पेटंटांचा परवाना घेतल्याची नोंद छापलेली असे. याचा अर्थ वर्धनाचे मूलतत्त्व फेंडर यांचे नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता. त्यांचे योगदान वेगळ्या ठिकाणी होते. दुकानात रोज बिघडलेली उपकरणे उघडणाऱ्या माणसाला कोणता भाग आधी निकामी होतो, कोणता सांधा सैल पडतो आणि कोठे हात पोहोचत नाही, याचे ज्ञान असते. फेंडर यांनी सर्व रेझिस्टन्स आणि कंडेन्सर एका तंतुमय पट्टीवर ओळीने मांडले आणि व्हॉल्व्ह सहज काढता येतील असे ठेवले. मागील फळीचे स्क्रू सोडवले की सर्व भाग समोर दिसत. दुरुस्तीसुलभता हे मूल्य दुरुस्तीकाराने रचनेतच रुजवले होते.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर उभारताना : 'चॅम्प' हे साधन

आज जगभरात जो कोणी पहिल्यांदा घरी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर उभारतो, तो बहुधा फेंडरच्या 'चॅम्प' या सर्वांत लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या १९५० च्या दशकातील ५एफ१ या सर्किटापासून सुरुवात करतो. इतिहासाचे साधन म्हणून या सर्किटाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

यात केवळ तीन व्हॉल्व्ह आहेत. ५वाय३ हा व्हॉल्व्ह प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र त्रिअग्र व्हॉल्व्ह असतात आणि ते गिटारचा क्षीण संकेत दोन टप्प्यांत मोठा करतात. त्या दोन टप्प्यांमध्ये आवाज कमीजास्त करण्याची एकमेव कळ असते. शेवटी ६व्ही६ हा शक्तिव्हॉल्व्ह सुमारे पाच वॉट इतकी शक्ती निर्माण करतो. व्हॉल्व्हला उच्च दाबावर अल्प प्रवाह लागतो, तर स्पीकरला कमी दाबावर अधिक प्रवाह लागतो. या दोहोंचा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. त्यातून जाणारा संकेत आठ इंची स्पीकरपर्यंत पोहोचतो आणि त्याचाच एक अंश २२ हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून मागे फिरवून दुसऱ्या टप्प्याला दिला जातो. या ऋण प्रतिपोषणामुळे विकृती घटते.

सर्किट कागदावर इतके सोपे असले तरी ते प्रत्यक्ष उभारताना कागदावर नसलेले ज्ञान लागते. पहिली अडचण सुरक्षिततेची असते. चॅसीच्या आतील एकदिश दाब तीनशे व्होल्टच्या वर असतो आणि फिल्टर कंडेन्सर वीजपुरवठा बंद केल्यावरही तो धरून ठेवतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे केल्याशिवाय आत हात घालणे प्राणघातक ठरू शकते. नवे उपकरण प्रथमच सुरू करताना थेट मुख्य पुरवठ्याला न जोडता सिरीज बोर्डावर, म्हणजे एका दिव्याच्या माध्यमातून जोडण्याची पद्धत सर्व देशांतील दुरुस्तीकारांना ठाऊक आहे. दिवा प्रखर पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे हे ध्यानात येते आणि महागडा ट्रान्सफॉर्मर वाचतो.

दुसरी अडचण मांडणीची असते. कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे हे सर्किट सांगते, पण तो भाग कोठे ठेवावा हे सांगत नाही. मुख्य पुरवठ्याची तार ग्रिडच्या तारेजवळून गेली किंवा अर्थिंगचे सांधे चुकीच्या जागी एकत्र केले, तर प्रत्येक जोडणी कागदाबरहुकूम असूनही स्पीकरमधून सतत घूं-घूं असा आवाज येत राहतो. हीटरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून चॅसीच्या कडेने न्याव्या लागतात, सोल्डर चमकदार दिसला तरच सांधा पक्का समजायचा असतो. या गोष्टी हात शिकतात. फेंडर कंपनीने सर्किटाबरोबरच तारांच्या मांडणीचा स्वतंत्र आराखडाही तयार केला होता, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. मांडणी हेदेखील ज्ञान आहे आणि ते सर्किटाहून वेगळे आहे, याची ती पावतीच म्हणावी लागेल. म्हणूनच जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा उभारणे हा केवळ छंद न राहता इतिहासाच्या अभ्यासाची एक पद्धत ठरू शकते. दस्तऐवज जेथे मौन बाळगतो, तेथे वस्तूची पुनर्घडण बोलू लागते.

हॅनवेल : नक्कल आणि तिचे वेगळेपण

'चॅम्प' ज्या घराण्यातील धाकटा, त्यातीलच थोरला म्हणजे 'बासमन'. फेंडर यांनी हा अ‍ॅम्प्लिफायर १९५२ मध्ये आपल्या नव्या इलेक्ट्रिक बाससाठी आणला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याची ५एफ६-ए ही आवृत्ती तयार झाली. तीत चार दहा इंची स्पीकर होते आणि तार, मध्य व मंद्र स्वरांसाठी तीन स्वतंत्र कळा होत्या. बाससाठी तयार केलेला हा अ‍ॅम्प्लिफायर गिटारवादकांनाच अधिक भावला.

ब्रिटनमधील वादकांना तो सहजासहजी मिळत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आर्थिक निर्बंधांमुळे अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत बंदी होती आणि ती उठल्यावरही आयात माल फार महाग पडत असे. जिम मार्शल (१९२३–२०१२) हे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक होते. त्यांनी १९६० मध्ये हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर यांच्यासारखे तरुण वादक तेथे येत आणि त्यांना हवा तो आवाज देणारा अ‍ॅम्प्लिफायर परवडत नसल्याची तक्रार करीत. दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन यांनी असा अ‍ॅम्प्लिफायर येथेच तयार करण्याची कल्पना मांडली. त्यांच्या जोडीला ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन हा अठरा वर्षांचा तरुण आला. अनेक नमुने करून पाहिल्यावर १९६२ मध्ये मार्शल यांना हवा तो नाद मिळाला. या अ‍ॅम्प्लिफायरला पुढे 'जेटीएम४५' हे नाव मिळाले.

जेटीएम४५ चे सर्किट बासमनच्या ५एफ६-ए सर्किटाशी जवळजवळ शब्दशः जुळते. मग वेगळा नाद आला कोठून? त्याचे उत्तर लंडनच्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांमध्ये आहे. पहिल्या टप्प्यावर फेंडरने १२एवाय७ हा व्हॉल्व्ह वापरला होता. लंडनमध्ये सर्वत्र मिळणारा ईसीसी८३ त्याच्या जागी आला आणि त्याचे वर्धन अधिक होते. शक्तिव्हॉल्व्ह म्हणून प्रारंभी ५८८१ आणि नंतर ब्रिटिश बनावटीचा केटी६६ आला. विल्यमसन यांच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वापरलेला तो हाच व्हॉल्व्ह. आउटपुट ट्रान्सफॉर्मर 'रेडिओ स्पेअर्स' या कंपनीचा होता. नावाप्रमाणेच ही कंपनी दुरुस्तीकारांना सुटे भाग पुरवणारी होती. चॅसी अ‍ॅल्युमिनियमची होती आणि स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची होते. चार स्पीकर मागून बंद असलेल्या स्वतंत्र पेटीत बसवण्याची पद्धत मार्शलने रूढ केली, तर बासमनची पेटी मागून उघडी होती.

यातील एक तपशील विशेष बोलका आहे. दोन्ही सर्किटांत प्रतिपोषणाचा रेझिस्टन्स २७ हजार ओहमचाच आहे. परंतु बासमनमध्ये तो २ ओहमच्या स्पीकर-जोडणीवरून घेतलेला होता, तर जेटीएम४५ मध्ये १६ ओहमच्या जोडणीवरून. तेवढ्याच शक्तीला १६ ओहमवरील दाब २ ओहमवरील दाबाच्या सुमारे २.८ पट असतो. साहजिकच मागे फिरणाऱ्या संकेताचे प्रमाण बदलले आणि त्यासोबत अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभावही बदलला. कागदावर आकडा तोच राहिला, वस्तूमध्ये अर्थ बदलला. भाषांतरात जसा शब्द तोच राहूनही नव्या भाषेच्या जमिनीत त्याची छटा पालटते, तसे येथे सर्किटाचे झाले. म्हणून जेटीएम४५ ला निव्वळ नक्कल म्हणणे अपुरे ठरते आणि निव्वळ शोध म्हणणे अतिशयोक्त ठरते. स्थानिक साहित्यातून झालेले ते पुनर्लेखन होते.

दोषाचा गुण

अ‍ॅम्प्लिफायरच्या अभियांत्रिकीत विकृती हा दोष मानला जातो. फेंडर यांचाही प्रयत्न स्वच्छ आणि खणखणीत आवाजासाठी होता. विल्यमसन यांच्यासारख्या रचनाकारांनी तर विकृती नगण्य करण्यासाठी सर्व कौशल्य पणाला लावले होते. गिटारवादकांनी मात्र या ध्येयाची दिशाच उलटी केली.

व्हॉल्व्हला त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत दिला की तरंगाचे माथे कापले जातात. व्हॉल्व्हच्या बाबतीत हे कापले जाणे एकदम न होता क्रमाक्रमाने होते. मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर त्यातून उमटतात, स्वर लांबतो आणि जाड होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना आपले तंतुवाद्य कारागीर तारेच्या स्पर्शाला असेच वळण देतात, ज्यायोगे तारेतून उपस्वरांची झळाळी प्रकट होते. तेथील प्रक्रिया यांत्रिक आणि येथील विद्युतीय असली, तरी शुद्ध स्वरापेक्षा समृद्ध स्वराला पसंती देणारी दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

ही पसंती वादकांनी मोडतोडीतून शोधली. लिंक रे यांनी १९५८ च्या 'रंबल' या ध्वनिमुद्रिकेसाठी स्पीकरच्या कोनाला छिद्रे पाडल्याचे प्रसिद्ध आहे. १९६४ मध्ये 'द किंक्स' या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी एका लहानशा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर ब्लेडने वार करून आवाज खरखरीत केला. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या ध्वनिमुद्रिकेसाठी एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा अ‍ॅम्प्लिफायर चढ्या आवाजात वाजवला आणि तो नाद पुढील पिढीसाठी प्रमाण ठरला. अशा रीतीने निर्मात्याने टाळलेली गोष्ट वापरकर्त्याने साध्य म्हणून स्वीकारली. वस्तूचा अर्थ निर्माता एकटाच ठरवत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच कारणाने व्हॉल्व्हचे अस्तित्व टिकले. बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतर रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक यांतून व्हॉल्व्ह क्रमाने हद्दपार झाला. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या समूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली आणि १९६६ मध्ये तिने ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणले, परंतु वादकांनी ते स्वीकारले नाहीत. ज्या उपकरणाचा दोषच हवासा होता, त्याला दोषमुक्त पर्याय देणे निरर्थक होते.

नावे आणि हात

जेटीएम ही अक्षरे जिम आणि त्यांचा पुत्र टेरी मार्शल यांच्या नावांची आहेत. ज्यांनी सर्किट उभारले त्या ब्रॅन आणि क्रेव्हन यांचे एकही अक्षर त्यात नाही. मार्शल यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. वादकांची गरज त्यांनी ओळखली, पैसा आणि जागा पुरवली, पसंत-नापसंतीचा निर्णय दिला आणि १९६४ मध्ये हेज येथे कारखाना काढून उत्पादन वाढवले. परंतु उद्योजकता आणि कारागिरी या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पेटीवरच्या नावाने त्यांतील एकीचीच नोंद होते.

फुलर्टन येथेही असेच चित्र दिसते. १९५० च्या दशकातील फेंडर अ‍ॅम्प्लिफायरची चॅसी उघडली, तर अनेकदा आत चिकटपट्टीचा एक तुकडा आढळतो आणि त्यावर 'लिली' किंवा 'लुपे' असे एखादे पहिले नाव हाताने लिहिलेले असते. त्या चॅसीतील तारा जोडणाऱ्या स्त्री-कामगाराचे ते नाव असते. काम कोणी केले हे कारखान्याला कळावे, एवढाच त्या नोंदीचा हेतू असावा. पण आज तीच पट्टी इतिहासाचे साधन झाली आहे. जाहिरातीत, पेटंटात किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ज्यांची नावे नाहीत, ती नावे वस्तूच्या आत जपली गेली आहेत. ती वाचण्यासाठी स्क्रू सोडवावे लागतात, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुनर्घडणीची परंपरा आणि तिच्या मर्यादा

फेंडरने १९९० मध्ये बासमनची पुनरावृत्ती बाजारात आणली, तेव्हा तिच्यात हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील सर्किट-फलक होता. पेटीचे रूप जुने राहिले, आतील हस्तकौशल्य मात्र वगळले गेले. घरी अ‍ॅम्प्लिफायर उभारणारा हौशी कारागीर याच्या उलट करतो. त्याची पेटी ओबडधोबड असेल, पण आतील जोडणी जुन्या पद्धतीने झालेली असते. कारखान्याने सोडून दिलेले कौशल्य हौशी माणसांनी जतन केल्याचे हे उदाहरण आहे.

तथापि या परंपरेकडे केवळ भावुकतेने पाहणे योग्य नाही. कारागीर सर्किट जोडू शकतो, पण व्हॉल्व्ह घरी तयार करू शकत नाही. त्यासाठी निर्वात पंप, काचकाम आणि शुद्ध धातू यांचा कारखानाच लागतो. पाश्चात्त्य देशांतील असे बहुतेक कारखाने विसाव्या शतकाअखेर बंद पडले आणि रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर ही सारी परंपरा विसंबून राहिली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियन व्हॉल्व्हची निर्यात अडचणीत येताच जगभरात टंचाईची भीती पसरली, ती यामुळेच. घरच्या बाकावरील स्वावलंबन दूरच्या कारखान्यावरील अवलंबित्वावर उभे असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. गिटार अ‍ॅम्प्लिफायरची घडण प्रयोगशाळेपेक्षा दुरुस्तीच्या दुकानात अधिक झाली. दुरुस्ती ही तंत्रज्ञानाच्या इतिहासाची उत्तरक्रिया नसून अनेकदा त्याचा उगम असते.

२. छापील पुस्तिकांमुळे सर्किटांचे ज्ञान सार्वजनिक झाले नसते, तर फुलर्टन आणि हॅनवेल या दोन्ही ठिकाणचे काम शक्य झाले नसते.

३. नक्कल आणि नवनिर्मिती यांतील सीमारेषा वाटते तितकी ठाम नाही. स्थानिक बाजारातील सुट्या भागांनी नकलेला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले.

४. वस्तूवरील नाव आणि वस्तू घडवणारे हात यांत अंतर असते. ते अंतर मोजण्यासाठी दस्तऐवजांबरोबर वस्तूचे आणि तिच्या पुनर्घडणीचेही साक्षीमूल्य मान्य करावे लागते.

हे निष्कर्ष कॅलिफोर्निया आणि लंडन येथील पुराव्यांवर आधारलेले असले, तरी त्यांतून उभा राहणारा प्रश्न आपल्या अंगणातही येऊन थांबतो. ठाणे येथे मर्फी रेडिओचा कारखाना होता. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा बाजार वाढला आणि तालुक्याच्या गावोगावी रेडिओ मेकॅनिकांची दुकाने थाटली गेली. व्हॉल्व्हचे रेडिओ आणि सभांचे अ‍ॅम्प्लिफायर ज्यांनी आयुष्यभर उघडले, जोडले आणि मिळेल त्या भागांनी पुन्हा बोलते केले, ती पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. त्यांच्या आठवणी, त्यांच्या हातच्या सर्किटांच्या वह्या आणि त्यांनी बदल केलेली उपकरणे ही महाराष्ट्राच्या तंत्रज्ञान-इतिहासाची अस्सल साधने आहेत. महाविद्यालयांतील इतिहास आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील अशा कारागिरांच्या मुलाखती नोंदवल्या, तर या साधनांचे जतन होऊ शकेल. हे काम पुढील पिढीसाठी राखून ठेवता येण्यासारखे नाही, कारण साक्षीदार तोवर थांबणार नाहीत.